नराचा रकाना

मंगळवारी सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि एकाऐवजी दोन वर्तुळं दिसली. वरच्या दोन नळ्यांमधलं अंतर कुणीतरी बदललं होतं. ज्याने हे यंत्र वापरलेलं नाही त्याला यात काय विशेष ते कळणार नाही, म्हणून सांगतो. माणसामाणसाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर वेगळं असतं. आपल्या डोळ्यांपुरत्या नळ्या जवळ-लांब करून घेतल्या की दोन वर्तुळं एकमेकांवर सरकतात आणि एकच स्वच्छ गोल दिसतो. माझं अंतर चौसष्ट मिलिमीटर. बावीस वर्षं चौसष्टच आहे, चाळिशी लागली, चष्मा लागला तरी ते बदललं नाही. आज नळ्या अठ्ठावन्नवर होत्या. म्हणजे माझ्या स्टुलावर, माझ्या टेबलाशी, अरुंद चेहऱ्याचं कुणीतरी बसून गेलं होतं, आणि आमच्या प्रयोगशाळेत अरुंद चेहऱ्याचं माणूस एकच आहे. मी नळ्या लगेच जागेवर आणल्या नाहीत. चोरी झालेल्या घरात आधी कशाला हात लावू नये म्हणतात तसा हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. मग नजर आपोआप भिंतीकडच्या फळीवर गेली. तिथे पहिल्या नऊ वर्षांच्या बरण्या आहेत, स्पिरिटमध्ये बुडवलेले शंखातले जीव, प्रत्येक झाकणावर मेण. शेवटच्या तीन बरण्यांचं मेण फोडून पुन्हा लावलेलं होतं. मेण मी लावतो तेव्हा कडेला बोट फिरवून गुळगुळीत करतो. हे ओघळलेलं होतं, शिकाऊ हाताचं.

माझं काम सांगण्यासारखं नाही, पण कुणी विचारलं की मी सांगत बसतो आणि मग बायको डोळे वटारते. दर महिन्याला, ओहोटी सगळ्यात खाली गेली की, अंगठ्याच्या पेराएवढे चाळीस शंख बंदराच्या धक्क्याच्या भिंतीवरून आणि चाळीस टोकाच्या खडकांवरून गोळा करायचे. टोक म्हणजे गावाबाहेर समुद्रात घुसलेला कातळ. आणलेले शंख औषधी पाण्यात ठेवून बधिर करायचे, मापायचे, टेबलाला बसवलेल्या लोखंडी वाइसमध्ये धरून दांडा हळूहळू आवळायचा. कवच तडकतं, पण आतल्या जिवाला धक्का लागता कामा नये. तुकडे चिमट्याने काढायचे, जीव काचेच्या बशीत घ्यायचा, भिंगाखाली बघायचं. उजव्या शिंगामागे लिंग दिसलं की नर, नाही दिसलं की मादी. रजिस्टरात दोन रकाने, एकेक रेघ. झालं. नोकरीला लागलो त्या आठवड्यात सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून हे शिकवलं होतं. सर म्हणजे आमचे तेव्हाचे प्रमुख, आता निवृत्त. "ते दिसलं की नर. पुढे चला," म्हणाले होते. मी पुढे चाललो. धक्क्याकडचे आठ-साडेआठ हजार तरी मी असे बघितले असतील. मग चार वर्षांपूर्वी धक्क्याच्या भिंतीवर एकही शंख सापडेनासा झाला. बंदराच्या लोकांनी सांगितलं की नवीन भिंत गुळगुळीत आहे, तिला शंख धरत नाहीत. मी त्या रकान्यात शून्य लिहायला लागलो आणि टोकाकडचे चाळीस तेवढे आणत राहिलो.

ती सात महिन्यांपूर्वी आली. नवी मॅडम. वयाने माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान, पण माझ्या वरच्या जागेवर. पहिल्याच दिवशी मला 'काका' म्हणाली आणि मी तिथेच सावध झालो. वरचा माणूस गोड बोलायला लागला की त्याला आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असतं. माझा वाइस चालवताना बघून म्हणाली, "काका, एकही जीव चिरडत नाही तुमच्याकडून. मला दहातले चार चिरडतात." मी म्हटलं, सवय. मनात म्हटलं, आता रजिस्टर मागेल. दुसऱ्या आठवड्यात मागितलंच. एक नाही, सगळी बावीस. तेव्हापासून ती आपल्या खोलीत रजिस्टरं घेऊन बसते आणि दाराच्या काचेतून मला तिची वाकलेली मान दिसते. माझ्या अक्षरावर वाकलेली. कुणी आपली पत्रं वाचत बसलं असावं तसं अंगावर यायचं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या माणसाची रजिस्टरं कुणी सहज म्हणून काढत नाही. मंगळवारभर मी तिला काही विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. दोनदा चहाला बोलावलं, दोन्ही वेळा मी कामात असल्याचं दाखवलं. संध्याकाळी निघताना बघितलं तर तिच्या टेबलावर एक वही उघडी होती. हिरव्या पुठ्ठ्याची, तळहाताएवढी. तशा वह्या आमच्या कार्यालयात मिळत नाहीत. तशा वह्या मी विकत घेतो.

घरी पोचलो तो बूट न काढताच कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला. रिकामा. माझ्या खिशात ठेवायच्या अकरा वह्या त्यात असायच्या. त्या सरकारी नव्हत्या, माझ्या होत्या. रजिस्टरात शेऱ्याचा रकाना बोटाएवढा, त्यात काही मावत नाही, म्हणून बशीत जे जे वेगळं दिसेल ते मी खिशातल्या वहीत पेन्सिलीने काढून ठेवायचो. चित्र बरं येतं मला. बायको दारात उभी होती. ओलं फडकं हातात. "आले संशयराव," म्हणाली, पण हसली नाही, त्यावरून मी समजलो.

"वह्या कुठायत?"

"त्या बाई आल्या होत्या रविवारी. तुम्ही ओहोटीला गेला होतात. म्हणाल्या काकांच्या जुन्या नोंदी घरी असतील का. मी दिल्या."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर दिल्या असत्यात का?"

मी आवाज चढवला. तिने चढू दिला. एकोणतीस वर्षांच्या संसारात माझा आवाज किती वेळ टिकतो ते तिला माहीत आहे. मग म्हणाली, "फार चांगल्या वाटल्या मला. अर्धा तास बसल्या. तुमच्याबद्दल विचारत होत्या." काय विचारत होत्या? "काही नाही, माणूस कसा आहे. मी म्हटलं, स्वभावाने संशयी आहेत. दूधवाला मापात मारतो, शेजारी आमची वर्तमानपत्रं वाचून घडी करून ठेवतात, मोठा जावई गोड बोलतो म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे. पण लिहिलेलं कधी खोटं असायचं नाही, म्हटलं. या माणसाने हाताने लिहिलं असेल तर ते तसंच असेल." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा अभिमान होता. मला तो बघवेना. मी न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो. बाहेर ती भांडी आवरत होती आणि मी हिशेब मांडत होतो: आधी रजिस्टरं, मग बरण्या, मग घर, मग बायको. माणसाला घेरायचं तर याच क्रमाने घेरतात. बायकोला फितवायला अर्धा तास पुरला याचं मला जास्त लागलं. रात्री जेवताना तिने विचारलं, काय आहे हो त्या वह्यांमध्ये एवढं? मी म्हटलं, गोगलगाई.

बुधवारी मी सरळ तिच्या खोलीत गेलो आणि बसायला न सांगता बसलो. सगळं तयार करून गेलो होतो, कसं बोलायचं, कुठे थांबायचं. पण तिने माझ्याकडे बघितलं आणि आधी तीच म्हणाली, "काका, माफ करा. तुम्हाला न विचारता वह्या आणल्या. बरण्याही उघडल्या. खात्री झाल्याशिवाय तुमच्यापाशी काढायचं नव्हतं." कशाची खात्री? तिने माझी तिसरी वही उघडली. माझंच चित्र. शंखातला जीव, उजव्या शिंगामागे लिंग, आणि मागच्या बाजूला, जिथे एरवी फिकट रंगाची ग्रंथी असते तिथे, पेन्सिल दाबून दाबून काळी केलेली गाठ. खाली माझं अक्षर: नर. आत काळी गाठ.

"काका, हे नर नव्हते."

मग तिने सांगितलं. बोटींच्या तळाला शेवाळ आणि किडे धरू नयेत म्हणून जो रंग लावत, त्यात कथलाचं एक संयुग होतं. पाण्यात ते इतकं थोडं उतरतं की मोजायला यंत्रही कमी पडतं. पण या शंखांना तेवढंही पुरतं. मादीच्या अंगावर लिंग उगवतं. पुढे तिची अंडी बाहेर यायची वाट बुजते. अंडी तयार होत राहतात, बाहेर पडत नाहीत, आतच साचून काळी पडतात. शेवटी मादी मरते. पिल्लं नसतातच, म्हणून काही वर्षांनी भिंत रिकामी होते. "लिंग दिसलं की नर, ही खूण इथे चालत नाही. मागची ग्रंथी बघावी लागते. तुम्ही नर म्हणून लिहिलेल्यांतल्या कितीतरी माद्या होत्या. मी नवव्या वर्षाच्या बरणीतले तीस उघडले. एकवीस माद्या." ती हे शांतपणे सांगत होती, दुखणं कळलेल्या घरच्या माणसाशी डॉक्टर बोलतो तसं. आणि मला आठवलं ते भलतंच. दरवर्षी शाळांची मुलं प्रयोगशाळा बघायला येत. एखादा चुणचुणीत पोरगा फळ्यावरचे आकडे बघून विचारायचा, धक्क्यावर एवढे नर आणि माद्या इतक्या कमी का? मी म्हणायचो, माद्या लाजाळू असतात, खोल पाण्यात राहतात. मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. हे वाक्यही सरांचंच होतं. मी ते इतक्या वेळा वापरलं होतं की मला माझं वाटायला लागलं होतं.

"पुढच्या मंगळवारी सुनावणी आहे," ती म्हणाली. ते मलाही माहीत होतं. बंदरातला गाळ उपसून टोकाच्या पलीकडे समुद्रात ओतायचा ठराव होता. त्या गाळात वीस-तीस वर्षांचा खरवडलेला रंग आहे. बंदराच्या वकिलाचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे आमची रजिस्टरं: इतक्या वर्षांत एकही मादी बिघडलेली आढळली नाही, तेव्हा गाळ निर्धोक आहे. टोकावर अजून माद्या अंडी घालतात, किनाऱ्याच्या या बाजूला आता तेवढ्याच उरल्या आहेत. तिला माझ्याकडून एक निवेदन हवं होतं. तिने ते टाइप करून ठेवलं होतं. मी वाचलं. 'त्या काळी प्रचलित असलेल्या पद्धतीनुसार केवळ बाह्य खुणेवरून लिंगनिश्चिती केली जात असे. या दोषाची कल्पना कोणासही नव्हती.' मला त्यात कुठे सापळा आहे ते दिसेना, त्यामुळे सापळा मोठा असणार असं वाटलं.

"एकच गोष्ट मला कळत नाही," ती म्हणाली. तिने वह्या वर्षांप्रमाणे लावल्या होत्या. "नवव्या वर्षापर्यंत दर महिन्याला गाठी आहेत. आधी एखाददुसरी, मग वाढत वाढत दहा-बारा. आणि नवव्या वर्षाच्या मध्यावर एकदम बंद. पुढच्या नऊ वर्षांत एकही गाठ नाही. नरांचे आकडे चढेच आहेत, पण गाठ नाही. तेव्हाच रंगावर बंदी आली होती. म्हणजे बंदर आपोआप सुधारायला लागलं होतं का? तसं असेल तर काका, खरं सांगायचं तर वकिलाच्याच बाजूने जातं. विष कधीच निवळलं, गाळात आता काही नाही, असं तो म्हणेल. त्या वर्षांच्या बरण्या नाहीत. धक्क्यावर शंख नाहीत. तुमच्या वह्यांशिवाय माझ्याकडे काहीच नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "गाठी दिसल्या नसतील." तिने मान हलवली. "मग तसंच असेल," म्हणाली, आणि पेन्सिलीने काहीतरी लिहून घेतलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. सही मी सोमवारी करतो म्हणून उठलो.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी कामावर गेलो आणि हात काम करत राहिले. टोकाकडचे चाळीस शंख होते, ते फोडले. आता प्रत्येकाची मागची ग्रंथी बघत होतो. माद्या धडधाकट होत्या, ग्रंथी सायीसारखी पांढरी, भरलेली. डोक्यात मात्र सर होते. एवढा शिकलेला माणूस, परदेशातली मासिकं यायची त्यांच्या टेबलावर, त्यांना हे ठाऊक नसेल? बंदराची मोटार त्यांना न्यायला यायची. दहाव्या वर्षापासून बरण्या ठेवायच्या नाहीत, फळीवर जागा नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. फळीवर तेव्हाही दोन हात जागा होती, आजही आहे. मी ती पट्टीने मोजली. मोजताना मला बरं वाटत होतं हे कबूल करतो. आठवडाभर जो संशय माझ्या अंगाभोवती घोंगावत होता त्याला बसायला एक जागा सापडली होती. बायकोनेही ओळखलं. "आता कोण सापडलं?" म्हणाली.

रविवारी सकाळी सरांकडे गेलो. शहराच्या दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर, मुलाकडे राहतात. सूनबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, सरांच्या कानातलं यंत्र नीट बसवून आत गेल्या. सर फार म्हातारे झाले होते. मान हलत होती. पण मला बघून इतके खूश झाले की मी आणलेलं पहिलं वाक्य तोंडातच राहिलं. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, नवी मॅडम जुनी रजिस्टरं तपासते आहे, धक्क्याकडची. सर थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गाठींबद्दल विचारते का?"

मी गाठींचं नावही काढलं नव्हतं. सापडले, असं मनात आलं, अगदी याच शब्दात. मी आवाज साधा ठेवून विचारलं, "कुठल्या गाठी, सर?"

"त्या काळ्या. तुम्ही काढायचात ना."

"तुम्हाला काय वाटलं होतं तेव्हा, काय असेल ते?"

"चिखल," सर म्हणाले. "किंवा एखादा किडा शिरला असेल. काही आहे का त्यात?" त्यांच्या डोळ्यांत मला खरोखरची चौकशी दिसली, किंवा त्यांनी ती दाखवली. मी माद्यांचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, दोनदा पुन्हा सांगायला लावलं. शेवटी म्हणाले, "अहो, तुम्ही लिहिलंत, मी छापलं. तुम्हाला शिकवल्यावर मी पुन्हा कधी बशीत डोकावलोच नाही, खरं सांगायचं तर. तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. तुम्हाला काही खटकलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत याची मला खात्री होती." मग हलत्या मानेने जवळ येऊन म्हणाले, "ती जे लिहून देते आहे त्यावर सही करून टाका. कुणालाच माहीत नव्हतं. त्यात कुणाचं काही जात नाही."

जिना उतरताना मी आनंदात होतो. शेवटचं वाक्य म्हणजे पक्का पुरावा. निर्दोष माणूस सही करून टाका असं सांगत नाही. रस्त्याला लागलो, पहिल्या चौकापर्यंत हेच घोळवत गेलो, मॅडमला कसं सांगायचं, गाठींचं नाव आधी कुणी काढलं हे कसं ठासून सांगायचं. चौकात सिग्नलला थांबलो, आणि तिथे एका बाईच्या हातातल्या पिशवीतून एक हिरवी वही डोकावत होती, आणि मला आठवलं की मीच माझी तशी वही सरांना दाखवली होती. तिसऱ्या का चौथ्या वर्षी. धावत गेलो होतो त्यांच्या खोलीत. सर, हे बघा, नराच्या आत काळी गाठ. त्यांनी चष्मा वर करून बघितलं होतं, चित्र छान काढता म्हणाले होते, चिखल असेल, रकान्यात नको, म्हणाले होते. म्हणजे गाठी त्यांना माहीत असणारच. मीच सांगितलेल्या. त्यात सापडण्यासारखं काही नव्हतं. सिग्नल बदलला, मागच्या माणसाने ढकललं, मी पलीकडे गेलो. मोटार, फळी, मासिकं, सगळं तसंच होतं, पण त्याला धरून उभं राहावं असं आता वाटेना. सरांनी जाणूनबुजून केलं असेल, नसेलही. त्यांनी गाठ कधी उघडली नव्हती. ज्या माणसाने उघडली होती त्याच्यावर मी आठवडाभर एकदाही संशय घेतला नव्हता.

नवव्या वर्षी, एका दुपारी तीनच्या सुमारास, मी एक गाठ उघडली होती. कंटाळा आला होता म्हणून, किंवा चिखल असेल तर पाण्यात विरघळेल म्हणून. चिमट्याने दाबली. विरघळली नाही. तिचे थर सुटले आणि बशीत दाणे पसरले, तांदळाएवढे, तपकिरी, एका बाजूला निमुळते, एकमेकांवर दडपून चपटे झालेले. काय आहेत ते कळायला मला एक क्षणही लागला नाही. दर महिन्याला टोकाच्या खडकांच्या फटीत मी तसेच दाणे बघत होतो, नवे, पिवळे, ओळीने चिकटवलेले. अंड्यांच्या कुप्या होत्या त्या. नराच्या पोटात अंडी. मला तिथे बसल्या बसल्या सगळं समजलं. कथील, रंग, ते नाही, ते मॅडमने सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. पण ही मादी आहे, आणि त्या बरण्यांमधल्या गाठवाल्या सगळ्या माद्या आहेत, आणि माझा नराचा रकाना पहिल्या पानापासून चुकला आहे, हे मला तेव्हा समजलं. शेजारी रजिस्टर उघडं होतं. अठ्ठावीस रेघा झाल्या होत्या, बारा राहिल्या होत्या. आमच्याकडे चुकलेली नोंद खोडली की बाजूला सही आणि तारीख घालावी लागते. माझ्या रजिस्टरांत नऊ वर्षांत एकही खोडलेली रेघ नव्हती, सर पाहुण्यांना ते उघडून दाखवायचे. मी बशी नळाखाली धरली. दाणे गेले. मग एकोणतिसावी रेघ नराच्या रकान्यात मारली. त्या दिवसानंतर मी वहीत गाठी काढल्या नाहीत. दिसायच्या. पुढची नऊ वर्षं दिसत होत्या, वाढत होत्या, शेवटी शेवटी चाळिसातल्या तिसात. मी पेन्सिल खिशातून काढत नव्हतो. बायकोला मी हे सांगितलं नाही, सरांना नाही, आणि इतकी वर्षं झाल्यावर स्वतःलाही जवळजवळ सांगितलं नव्हतं. दूधवाल्याच्या मापावर मात्र डोळा ठेवून होतो.

घरी जाऊन जेवलो, झोप लागली नाही. दुपारी बायको म्हणाली, सरांनी काय सांगितलं? मी म्हटलं, सही करा म्हणाले. "मग करा की. तुमचं काय चुकलंय त्यात?" ती माझा शर्ट इस्त्रीला काढत होती. मला भीती वाटत होती. चौकशी बसेल याची थोडी. त्याहून जास्त तिच्या त्या अभिमानाची. एक सही केली की तो जसाच्या तसा राहणार होता. टोकाच्या खडकांवर वर्ष-दोन वर्षांत काळ्या गाठी यायला लागतील, तेव्हा मी निवृत्त असेन, त्या मोजायला दुसरं कुणीतरी असेल. हेही मी मनाशी बोललो, लाज सोडून.

सोमवारी तिने कागद माझ्यापुढे ठेवला आणि पेनचं टोपण काढून दिलं. नवीन एक परिच्छेद घातला होता: नवव्या वर्षानंतर अशा गाठी आढळल्याची नोंद नाही. मी तो दोनदा वाचला. ती म्हणाली, "घाई नाही काका." तिच्या अरुंद चेहऱ्याकडे मी पहिल्यांदाच नीट बघितलं. ती रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. ही सुनावणी ती हरणार होती, माझ्या वहीमुळे हरणार होती, आणि तरी ते वाक्य तिने स्वतःच्या हाताने घातलं होतं, कारण माझ्या नोंदीत तसं होतं. मी पेन खाली ठेवलं.

"हे वाक्य चूक आहे," मी म्हटलं. "गाठी होत्या. अठराव्या वर्षापर्यंत होत्या. मी वहीत काढायचं सोडलं."

"का? कंटाळलात?"

"एक उघडून बघितली होती. आत अंडी होती." मी पेन तिच्याकडे सरकवलं. "आणि वरचं वाक्यही चूक आहे. कल्पना कोणासही नव्हती, ते."

तिने पेनला टोपण लावलं. मग अगदी हळू म्हणाली, "काका, असं लिहून दिलंत तर तुमच्यावर चौकशी बसेल. वकील सगळ्यांसमोर तुम्हाला सोलून काढेल. मला ते नाही करायचं." ती खरंच मला वाचवायला बघत होती, आणि मी त्यात काही शोधलं नाही. लिहून घ्या म्हटलं. तिने कागद ओढला, पेन उचललं, आणि मग मान वर करून विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

दूधवाला, शेजारी, जावई, सर, ही मुलगी, माझी बायको. मी प्रत्येकाकडे चोर म्हणून बघितलं, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्यापैकी एकानेही माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. आता ती बघत होती.

"हो," मी म्हटलं, आणि तिला तारीख सांगितली.